वरीलपैकी एकही नाही : नकाराधिकाराची गोष्ट

नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो. गेल्या महिन्यात कलम २०० चालू होतं. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांसमोर आलं की त्यांच्यापुढे पर्याय किती? फळ्यावर तीन लिहिले. सिन्नरहून रोज एसटीने येणारी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, पेपरात तर कायम चौथाच वाचायला मिळतो. वरीलपैकी एकही नाही."

वर्ग हसला. मीही हसलो, पण खडू खाली ठेवला. तिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. सही नाही, परत पाठवणं नाही, राष्ट्रपतींकडे पाठवणं नाही. विधेयक नुसतं पडून. तामिळनाडूच्या राज्यपालांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यापासून हा विषय बातम्यांमध्ये आहे आणि व्हॉट्सॲपवर त्याचा पुरता चिवडा झालाय. म्हणून जरा मुळापासून.

आधी तीन शब्द

कायद्याचा मसुदा म्हणजे विधेयक. कायदे करतं ते विधिमंडळ, राबवते ती कार्यपालिका. राष्ट्रपती आणि राज्यपाल हे कार्यपालिकेचे घटनात्मक प्रमुख. विधेयकावर त्यांनी सही केली की ती संमती, आणि ती सही रोखून धरण्याचा अधिकार म्हणजे नकाराधिकार, अर्थात व्हेटो. हा शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ अगदी घरगुती: "मी मना करतो."

आपल्या भाषेत ही कल्पना एका शब्दात मुरलेली आहे, शिक्कामोर्तब. जुन्या मराठी कागदांवर माथ्याला शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा दिसते. मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ घुसडायची नाही, असा त्याचा सरळ अर्थ. आजच्या कायद्याचंही तेच आहे. मजकूर विधिमंडळाचा, मोर्तब राष्ट्रपती-राज्यपालांची. मोर्तब करणाऱ्यानेच हात आखडला तर काय, एवढाच प्रश्न आहे. आणि तो अडीच हजार वर्षं जुना आहे.

रोममध्ये दाराशी बसलेला माणूस

व्हेटो म्हटलं की राजा डोळ्यांपुढे येतो. पण रोममध्ये तो जन्मला तेव्हा सत्ताधाऱ्यांच्या हातात नव्हता, त्यांना अडवणाऱ्यांच्या हातात होता.

इ.स.पूर्व ४९४ च्या सुमारास कर्जाने पिचलेले रोमचे सामान्य लोक शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. शेती कोण करणार, सैन्यात कोण लढणार? नाक दाबल्यावर तोंड उघडलं. त्या समझोत्यातून लोकांना त्यांचे स्वतःचे अधिकारी मिळाले, ट्रिब्यून. त्यांच्या अंगाला हात लावणं हा महापातकासारखा गुन्हा होता. त्यांच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असायचं, म्हणजे गाऱ्हाणं घेऊन कोणीही केव्हाही यावं. सुरुवातीला सिनेटच्या सभागृहात त्यांना आत प्रवेशही नव्हता. ते दाराशी बाकावर बसत आणि आतला निर्णय लोकांच्या मुळावर येणारा असला तर मना करत.

कल्पना उत्तम, पण तिच्यात एक भोक राहिलं. नकार उलटवायचा कसा, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. इ.स.पूर्व १३३ मध्ये तिबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने सरकारी जमिनीवरची श्रीमंतांची जादा वहिवाट काढून ती भूमिहीनांना वाटायचा कायदा मांडला. त्याचाच जोडीदार ट्रिब्यून, ऑक्टेव्हियस, उभा राहून म्हणाला, मी मना करतो. गरिबांसाठी दिलेलं हत्यार श्रीमंतांच्या कामी आलं. कायद्यात वाट नव्हती म्हणून ग्रॅकसने सभेच्या मतांनी ऑक्टेव्हियसला पदावरूनच काढलं. कायदा झाला. त्याच वर्षी सिनेटमधल्या लोकांनी बाकांच्या मोडक्या पायांनी ग्रॅकसला मारून टाकलं.

मुलांना मी हा प्रसंग नेहमी सांगतो. नकार उलटवायला दार नसलं की माणसं भिंत पाडायला निघतात.

एकाचा नकार, सगळ्यांचा खोळंबा

पोलंडची गोष्ट थोडक्यात. तिथल्या संसदेत प्रत्येक सरदार-सदस्याला व्हेटो होता. १६५२ मध्ये एका सदस्याच्या हरकतीवर अख्खं अधिवेशन बुडालं आणि पुढे तो पायंडाच पडला. तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत शेवटच्या विषयावर एकाने 'नाही' म्हटलं की आधी मंजूर झालेले लिफ्टचे, पाण्याच्या टाकीचे ठरावही रद्द, असा नियम कल्पून बघा. शेजारच्या राजांना काम सोपं झालं. एक सदस्य फोडला की पुरे. १७९१ च्या राज्यघटनेने हा प्रकार संपवला, पण फार उशीर झाला होता. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने उरलासुरला पोलंड वाटून घेतला. एकट्या व्हेटोने देश बुडाला असं कोणी म्हणणार नाही, पण बुडताना त्याने हात मात्र बांधून ठेवले होते.

राणीचं 'बघू'

इंग्लंडमध्ये संसदेचं विधेयक राजाकडे जायचं. संमती असेल तर जुन्या फ्रेंचमध्ये उत्तर येई, राजाची तशी इच्छा आहे. संमती नसेल तर? 'नाही' हा शब्द वापरत नसत. उत्तर असे: राजा विचार करील.

म्हणजे आपलं 'बघू'.

लग्नाच्या बैठकीत, बँकेच्या खिडकीवर, सरकारी कचेरीत 'बघू' ऐकलेल्या मराठी माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. राणी ॲनने १७०८ मध्ये स्कॉटलंडच्या नागरी सेनेच्या विधेयकाला शेवटचं असं 'बघू' म्हटलं. फ्रेंच आरमार स्कॉटलंडकडे निघाल्याची बातमी होती. तिथल्या लोकांच्या हाती शस्त्रं दिली तर ती कोणाकडे वळतील याची धास्ती होती. त्यातही तिने ते मंत्र्यांच्या सल्ल्यानेच केलं. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांत इंग्लंडच्या एकाही राजाने वा राणीने संसदेचं विधेयक नाकारलेलं नाही. अधिकार कागदावर आहे, वापरायची हिंमत राहिलेली नाही.

पण हे फक्त घरच्यापुरतं. वसाहतींमधले कायदे लंडनहून खुशाल नाकारले जात, रखडवले जात. १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आहे. त्यातली पहिलीच तक्रार ही: लोकहिताच्या, अत्यंत गरजेच्या कायद्यांना यांनी संमती नाकारली.

अमेरिकेने नकाराला घड्याळ बांधलं

गंमत अशी की या तक्रारीवरून राजाला हाकललेल्या लोकांनी अकरा वर्षांनी स्वतःच्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला तोच अधिकार दिला. 'व्हेटो' हा शब्द मात्र त्या घटनेत कुठेही नाही. आणि अधिकार देताना त्यांनी तीन गाठी मारल्या. नकार द्यायचा तर कारणं लिहून विधेयक परत पाठवायचं. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं तर राष्ट्राध्यक्षाला विचारायचं नाही, कायदा झाला. तिसरी गाठ मला सगळ्यात आवडते: रविवार सोडून दहा दिवसांत काहीच केलं नाही तर सहीशिवायच कायदा.

मौन म्हणजे संमती, ही आपली म्हण त्यांनी कलम करून टाकली.

एक फट तरी राहिलीच. ते दहा दिवस संपायच्या आत काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, अधिवेशन उठलं, तर सही न झालेलं विधेयक आपोआप मरतं. कागद खिशात घालून गप्प बसायचं, म्हणून याला पॉकेट व्हेटो म्हणतात. फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी बारा वर्षांत ६३५ नकार दिले, त्यातले २६३ असे खिशातले. काँग्रेसला उलटवता आले फक्त नऊ. त्याआधी ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी पहिल्या चार वर्षांतच ४१४ नकार दिले होते. त्यात यादवी युद्धातल्या सैनिकांच्या नावाने आणलेली पेन्शनची, एकेका व्यक्तीपुरती विधेयकं शेकड्यांनी होती. ती ते एकेक करून तपासत बसत. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आठ वर्षांत दोनदाच नकार दिला. स्वभाव स्वभाव.

आपल्याकडे ही शेंडी कुठून आली

ब्रिटिश अमदानीत व्हाइसरॉयकडे नकाराधिकार होताच, पण त्याहून भारी गोष्ट होती: सभागृहाने फेटाळलेलं स्वतःच्या सहीने मंजूर करण्याची. १९२३ मध्ये मिठावरचा कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये करायला केंद्रीय विधिमंडळाने नकार दिला. व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या अधिकारात तो लागू केला. १९३५ च्या कायद्यात प्रांताच्या गव्हर्नरला तीन वाटा होत्या. संमती द्या, रोखा, किंवा वरच्यांसाठी राखून ठेवा. आजचं कलम २०० वाचा, सांगाडा तोच दिसेल. फरक एवढाच की तेव्हाचा गव्हर्नर लंडनला उत्तर द्यायचा आणि आजचा राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणं अपेक्षित आहे.

घटना समितीत एक बारीक बदल झाला, तो माझ्या मते या सगळ्या रामायणाचं मूळ आहे. मसुद्यात होतं की राष्ट्रपतींना विधेयक परत पाठवायचं असेल तर सहा आठवड्यांच्या आत पाठवावं. १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती मांडून 'सहा आठवडे' काढलं आणि 'शक्य तितक्या लवकर' घातलं. समितीचे सदस्य एच. व्ही. कामत यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली, पण दुरुस्ती मंजूर झाली. हेतू वाईट असायचं कारण नाही. लवकर म्हणजे लवकरच, सहा आठवडे कशाला लावायचे, असा तो काळ. घड्याळ काढून विश्वास ठेवला.

राष्ट्रपतींनी हा अधिकार फार कमी वापरलाय. १९५४ मध्ये राजेंद्र प्रसाद यांनी पेप्सू या (पुढे पंजाबात विलीन झालेल्या) राज्याच्या खर्चाच्या विधेयकाला संमती दिली नाही, कारण सहीला येईपर्यंत तिथली राष्ट्रपती राजवट उठली होती. १९९१ मध्ये आर. व्यंकटरमण यांनी खासदारांच्या वेतन-पेन्शनचं घाईत मंजूर केलेलं विधेयक रोखलं. २००६ मध्ये अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांचं विधेयक फेरविचारासाठी परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि घटनेप्रमाणे त्यांनी सही केली. परत आलेल्या विधेयकावर दुसऱ्यांदा सही टाळता येत नाही, आणि इथे दोन-तृतीयांशही लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. म्हणजे आपला उघड नकार अमेरिकेपेक्षा बराच मवाळ आहे.

आणि मग १९८६. खासगी पत्रं उघडण्याचे जास्त अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक संसदेने मंजूर केलं. ग्यानी झैल सिंग यांनी सही केली नाही, नाकारलं नाही, परतही पाठवलं नाही. ठेवून दिलं. अमेरिकेत मौन म्हणजे संमती. आपल्याकडे मौनं सर्वार्थसाधनम्. ते विधेयक कधीच कायदा झालं नाही आणि तुमची-माझी पत्रं थोडी सुरक्षित राहिली. खिशातल्या नकाराला सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. मीही ठेवतो, जरा अनिच्छेनेच.

मग तामिळनाडूत नेमकं काय झालं

विधानसभेने मंजूर केलेली विधेयकं, बहुतेक विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या नेमणुकांची, राज्यपालांकडे पडून राहिली. सगळ्यात जुनं २०२० चं. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकरण कोर्टात गेल्यावर त्यांनी दहा विधेयकांना संमती नाकारली. विधानसभेने ती दहाही पुन्हा मंजूर केली. तेव्हा राज्यपालांनी ती राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली.

८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हे बेकायदा ठरवलं, दहाही विधेयकांना संमती मिळाली असं मानलं आणि राज्यपालांना एक ते तीन महिन्यांच्या, राष्ट्रपतींना तीन महिन्यांच्या मुदती घालून दिल्या. यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाला चौदा प्रश्न विचारले. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं ते दोन्हीकडे बघणारं आहे. राज्यपालांपुढे तीनच वाटा: संमती द्या, राष्ट्रपतींकडे पाठवा, किंवा कारणांसह सभागृहाला परत करा. नुसतं नाकारून ठेवून द्यायचं नाही. पण घटनेत मुदत नाही, म्हणून न्यायालयही ती घालणार नाही. मुदत उलटली म्हणून संमती गृहीतही धरता येणार नाही. फारच काळ, काही कारण न देता विधेयक अडून राहिलं, तर 'निर्णय घ्या' एवढं न्यायालय सांगू शकेल. कोणता, ते नाही.

आपला याच्याशी काय संबंध

नाशिककरांचा तर आहेच. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विधान परिषदेवरच्या नामनियुक्त बारा सदस्यांची यादी राज्यपालांकडे पाठवली. ते विधेयक नव्हतं, पण औषध तेच: यादी पडून राहिली. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली ती नाशिकच्याच एका रहिवाशाने. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं घटनात्मक कर्तव्य आहे. थेट आदेश मात्र दिला नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने यादीच मागे घेतली. बारा जागा, दोन वर्षं, एकही 'नाही' नाही.

महिला अत्याचाराविरुद्धचं शक्ती विधेयक आठवतं? डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, राष्ट्रपतींकडे गेलं आणि तिथेच अडकलं. राष्ट्रपतींकडे राखून ठेवलेल्या विधेयकाचा प्रकार तर आणखी कडक आहे: विधानसभेने पुन्हा मंजूर केलं तरी संमती द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही.

आणि अगदी घराजवळ, शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, म्हणजे आपल्या महापालिकेच्या मुख्यालयात. महापालिकेच्या महासभेचा ठराव कायद्याविरुद्ध किंवा अधिकाराबाहेरचा वाटला तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ प्रमाणे राज्य सरकार आधी तो निलंबित करतं आणि महापालिकेचं म्हणणं मागवून पुढे विखंडित करू शकतं. 'ठराव विखंडित' ही बातमी आपण कित्येकदा वाचलेली असते. ती व्हेटोचीच बातमी असते. निदान तिथे लेखी आदेश तरी हातात पडतो.

"निवडून आलेल्यांना अडवणारे हे कोण?"

हा आक्षेप रास्त आहे, पण अर्धा. बहुमतही घाईत चुकतं. १९९१ चं खासदारांच्या पेन्शनचं विधेयक सगळ्यांनी मिळून मंजूर केलेलंच होतं. एकदा थांबवून 'पुन्हा बघा' म्हणणारं कोणीतरी असावं. आमच्या सोसायटीत टेरेस भाड्याने द्यायचा ठराव जोरात मंजूर झाला होता. सेक्रेटरींनी इतिवृत्तावर सही न करता समासात पेन्सिलने लिहिलं, 'अग्निशमनची परवानगी?' पुढच्या सभेत ठराव बदलला. हा चांगला नकार. कारण दिसतंय, उत्तर देता येतंय.

वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका ठरावाखाली सहीची ओळ कोरी राहिली, ती अजून कोरीच आहे. तिला उत्तर काय देणार?

"मग अधिकारच काढून टाका की"

काढला तर राज्याने केंद्राच्या कायद्याला छेद देणारा कायदा केला की तो थेट कोर्टातच भेटेल. शिवाय उच्च न्यायालयाचे अधिकार कमी करणारं विधेयक राज्यपालांनी राष्ट्रपतींकडे पाठवलंच पाहिजे, असं घटनाच सांगते. चाळणी लागते. तक्रार चाळणीबद्दल नाही, दळण अडवून चक्कीवाला जेवायला गेलाय याबद्दल आहे.

"मुदत घातली तर बिघडलं काय?"

माझ्या मते काहीच नाही, पण ती संसदेने घटनादुरुस्ती करून घालावी. केंद्र-राज्य संबंधांवरच्या पूंछी आयोगाने २०१० मध्ये राज्यपालांसाठी सहा महिने सुचवले होते. तेव्हापासून केंद्रात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं आली. विरोधात असताना प्रत्येकाला राज्यपालांचं मौन खुपतं, दिल्लीत बसल्यावर तेच उपयोगी वाटतं.

हे सगळं दोन तासिकांत संपवून मी शनिवारी चाचणी घेतली. त्यात एक प्रश्न मुद्दाम घातला: घटनेतील 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती? अ) सहा आठवडे, ब) तीन महिने, क) सहा महिने, ड) वरीलपैकी एकही नाही. बहुतेकांनी ड चा गोळा काळा केला. सिन्नरच्या मुलीने एकही केला नव्हता. पेपर घेताना मी विचारलं, "अगं, हा का सोडलास?"

"सोडला नाही, सर," ती दप्तर आवरत म्हणाली. "विचार चालू आहे."